फ्लोमची गाडी आणि धबधब्यावरची हुल्ड्रा

नमस्कार श्रोतेहो. क्रूझवरून कुणी परतलं की आपण विचारतो, केबिन कशी होती, बाल्कनी मिळाली का, जेवण कसं होतं. जहाज धक्क्याला लागल्यावर दिवसभर केलंत काय, हे सहसा कुणी विचारत नाही. आज त्याच दिवसाबद्दल बोलू, आणि तेही नॉर्वेतल्या फ्लोमबद्दल.

हिमनद्यांनी डोंगर खोल कोरले, बर्फ वितळलं, समुद्र आत आला, झाला फ्योर्ड. सोग्नेफ्योर्ड तर २०० किलोमीटरहून लांब आणि खोली जवळजवळ १३०० मीटर. म्हणून तर एवढं अवाढव्य जहाज थेट डोंगराच्या पायथ्याशी जाऊन उभं राहतं. त्याच्याच एका फाट्याच्या टोकाला हे फ्लोम. गाव चिमुकलं, पण पाहण्यासारखं पुष्कळ. तेव्हा एकच गोष्ट निवडा. पुन्हा सांगतो, एकच. माझं मत विचाराल तर तिथल्या रेल्वेगाडीत बसा.

फ्लोम ते वर डोंगरातलं मिर्डाल स्टेशन, २० किलोमीटर, साधारण तासाभराचा प्रवास. चढ अठरास एक, म्हणजे अठरा मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. आपल्या बोरघाटात तो सदतीसास एक आहे, यावरून अंदाज करा! असल्या चढावर चाक घसरू नये म्हणून काही ठिकाणी मधे दात्यांचा रूळ घालतात, इथं तोही नाही. वीस बोगदे, त्यातले अठरा तर हातानं खोदलेले.

वाटेत शोसफोसन नावाचा धबधबा लागतो. तिथं गाडी पाच मिनिटं थांबते, सगळे फलाटावर उतरतात. तुषार असे उडतात की चष्मा पुसेपर्यंत पुन्हा ओला. उन्हाळ्यात तिथं अचानक गाणं सुरू होतं आणि खडकावर लाल झग्यातली एक बाई नाचू लागते. ही हुल्ड्रा, तिकडच्या लोककथांतली. दिसायला देखणी, मागे गाईचं शेपूट, आणि पुरुषांना भुलवून डोंगरात नेणारी. आमच्या गटात साताऱ्याच्या एक काकू होत्या. आपल्याकडे पाण्याकाठी आसरा असतात ना, जलदेवता? त्या म्हणाल्या, "म्हणजे यांची आसराच की!" आणि सरळ हात जोडले. बाकी सगळे मोबाइल उंचावून उभे. (मोबाइलच्या पडद्यातून धबधबा पाहायचा तर घरी बसून काय वाईट?)

बाई खडकाआड गेली आणि पापणी लवते न लवते तोच भलतीकडे, पार वरच्या बाजूला उगवली. लोक "अरे! अरे!" करतायत. काकू मात्र गाडीत चढता चढता तिकीट तपासनिसाला विचारतात, मला भाषांतर करायला लावून, "एक आहे की दोघी?" तो गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "हुल्ड्रा एकच असते."

काकूंना ते काही पटलं नाही. परतीला गाडी पुन्हा तिथंच थांबली. गाणं सुरू झालं, सगळ्यांच्या माना पहिल्या खडकाकडे. काकूंनी तिकडे पाठ फिरवली आणि वरच्या खडकावर नजर लावून बसल्या. आणि सापडली! लाल झग्यावर पिवळा रेनकोट चढवून, कुडकुडत आपल्या प्रवेशाची वाट बघणारी दुसरी हुल्ड्रा. काकूंनी हात हलवला. तिनं इकडेतिकडे पाहिलं, आणि हळूच हात हलवला! तपासनिसाकडे पाहून काकूंनी नुसती दोन बोटं दाखवली. तो बिचारा हसत हसत दार लावायला गेला. पुढे कळलं, बॅले शिकणाऱ्या मुली हे काम करतात.

खाण्याचं राहिलंच. तिथलं तपकिरी चीज जरूर चाखा. मठ्ठा नव्हे, दूध फाटल्यावर उरलेली निवळी आटवून करतात, गोडसर लागतं. आमच्या सहलीत सोबत आचारी होता, दुपारी पावभाजी. फ्योर्डकाठी पावभाजी! असो, त्यावर एक वेगळं भाषण होईल.

तिकीट आधी काढून ठेवा, उन्हाळ्यात ऐनवेळी मिळत नाही. धबधब्यापाशी रेनकोट अंगावरच असू द्या. आणि जहाजावर परतायची वेळ जहाजाच्या घड्याळाप्रमाणे लिहून घ्या. जहाज थांबत नाही बरं का, जहाज थांबत नाही. नमस्कार.