कालवांना हवी कालवांचीच शिंपली

[दृश्य: ओहोटी. जुवारीकाठचे उघडे पडलेले दगड.]

पाणी उतरलं की गोव्यातल्या जुवारी नदीच्या काठचे जांभे दगड वर येतात. दगडांवर, जेटीच्या खांबांवर, खारफुटीच्या मुळांवर राखाडी, खडबडीत थर बसलेला दिसतो. अनवाणी चालाल तर तळवा चिरेल इतकी धार त्याच्या कडांना असते. ही कालवं, म्हणजे ऑयस्टर. रव्यात घोळवून तळलेलं कालव गोव्यात कुणाला सांगावं लागत नाही. पण ते दगडावर येतं कुठून, हे फार थोड्यांनी पाहिलं आहे.

कालवाचं पिल्लू जन्मतः तरंगतं. डोळ्यांना दिसणारही नाही एवढा तो जीव दोनतीन आठवडे भरती-ओहोटीबरोबर वाहत राहतो. मग त्याला एक छोटा पाय फुटतो आणि तळ चाचपत ते टणक जागा शोधू लागतं. जागा मिळाली की स्वतःच्याच स्रावाने चिकटतं, आणि तिथून जन्मभर हलत नाही. चिखलात पडलं तर गुदमरून मरतं. त्याला सगळ्यांत जास्त पसंत पडते ती आधीच्या कालवाची शिंपली. पिढीवर पिढी बसत जाते आणि पाण्याखाली एक भिंत उभी राहते. तिच्या फटींत कुर्ल्या, सुंगटं (कोळंबी) आणि माशांची पिल्लं आसरा घेतात. काठावर येणारी लाट तिच्यावर फुटते. शिवाय प्रत्येक कालव पाणी गाळत असतं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं मोठं कालव अनुकूल हवामानात दिवसाला १९० लिटरपर्यंत पाणी गाळतं, असं तिथे मोजलं गेलं आहे.

[दृश्य: जुन्या घराची चुन्याची भिंत, जवळून.]

आता ही भिंत पाहा. कोकणात आणि गोव्यात पिढ्यानपिढ्या शिंपल्या भाजून चुना केला गेला. घरं, देवळं, चर्च त्या चुन्याने उभी राहिली. त्यात कुणाचा दुष्टावा नव्हता. पण मांस खाल्लं आणि शिंपलीही उचलली, म्हणजे पुढच्या पिढीची जमीनच काढून घेतली. जगभर हेच झालं, अनेक ठिकाणी तर यंत्रांनी तळ खरवडून. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासाने कालवांच्या ८५ टक्के भिंती नाहीशा झाल्याचं नोंदवलं.

म्हणून अमेरिकेत लोक शिंपल्या परत पाण्यात नेऊ लागले. मेरीलँड राज्यात २००८ पासून नदीकाठचे रहिवासी घराच्या धक्क्याला पिंजरे टांगतात. आत शिंपल्यांवर बसलेली कालवांची पिल्लं असतात. चिखल साचू नये म्हणून ते पिंजरे अधूनमधून हलवून धुतात आणि साधारण वर्षभराने ती पोरं राखीव जागी सोडायला देतात. न्यूयॉर्क बंदरात २०१४ पासून हॉटेलांतल्या शिंपल्या गोळा होतात, वर्षभर उन्हापावसात पडू देतात, मग पाण्यात जातात. शाळेची मुलंही त्यात हात घालतात. तिथली कालवं कुणी खात नाही, कारण सांडपाण्यातले जंतू त्यांच्या अंगात साठतात. खायला मिळणार नाही हे माहीत असूनही लोक वर्षानुवर्षं हे काम करत आहेत, याचं मला फार मोल वाटतं.

[दृश्य: चिखलीचा उपसागर. मग शिंपल्यांच्या तावदानांची खिडकी.]

गोव्यात मात्र गोष्ट थोडी वेगळी आहे. चिखली गावाच्या उपसागरात आणखी एक शिंपली राहते. चपटी, गोल, अर्धपारदर्शक. काच महाग होती तेव्हा हिचे चौकोन कापून लाकडी जाळीत बसवत, आणि घरात मऊ उजेड यायचा. जुन्या गोमंतकीय घरांत या खिडक्या आजही आहेत. वन्यजीव संरक्षण कायद्याने या जातीला संरक्षण दिलं आहे. ती दगडाला चिकटत नाही, भिंत बांधत नाही. मऊ चिखलावर आडवी पडून राहते. तिच्यासाठी शिंपल्या ओतून काही होणार नाही. तळ उपसू न देणं आणि चिखल चिखलच राहू देणं, एवढंच तिला हवं आहे. हा उपसागर जपावा म्हणून चिखलीच्या गावकऱ्यांनी आवाज उठवला. फावडं न उचलता केलेलं हे कामही जीर्णोद्धाराइतकंच मोठं आहे.

भिंत बांधणाऱ्या कालवांसाठी मात्र हात लावावा लागेल, आणि गोव्याला ते जड जाऊ नये. खाजन शेतीचे, म्हणजे खाडीकाठी खारं पाणी अडवून केलेल्या शेतांचे, बांध इथल्या गावांनी एकत्र येऊन घातले, फुटले तेव्हा एकत्र येऊन बुजवले, मानशीची, म्हणजे बांधातून पाणी आत-बाहेर सोडणारी, दारं भरतीच्या वेळा पाहून सांभाळली. खाऱ्या पाण्याला कुठे अडवायचं आणि कुठे येऊ द्यायचं, हे ज्ञान इथल्या मातीत आहे. बांधाच्या पायथ्याशी कालवांची भिंत वाढली तर लाटांचा मार तिथे कमी होईल, असं मला वाटतं.

[दृश्य: पिशवीत भरलेल्या रिकाम्या शिंपल्या.]

पण स्वयंपाकघरातल्या शिंपल्या उचलून थेट नदीत टाकू नका. ओल्या शिंपलीबरोबर रोग जातात. आधी कित्येक महिने त्या उन्हात पडायला हव्यात. भरती-ओहोटीच्या मधला पट्टा किनारी नियमनाखाली येतो, तिथे काही मांडायचं तर परवानगी लागते. जाणकार दूर नाहीत: राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था दोनापावलला, याच नदीच्या मुखाशी आहे.

परवानगी घेऊन सुरुवात अगदी छोटी करता येईल. पावसाळा संपून पाण्याला पुन्हा खारटपणा चढला की, वाळवलेल्या काही शिंपल्यांना भोकं पाडून माळ ओवायची आणि खाडीत टांगायची. महिन्याने वर काढून भिंगातून पाहायची. शिंपलीवर चपटे, चकचकीत ठिपके दिसले तर पिल्लं इथवर येत आहेत, उणीव आहे ती फक्त टणक जागेची. मग शिंपल्यांच्या पिशव्या मांडता येतील. उन्हाळ्यापर्यंत दर महिन्याला पाहूनही काहीच दिसलं नाही, तर गाडीभर शिंपल्या ओतून उपयोग नाही. तिथे आधी पाण्याकडे पाहावं लागेल, आणि त्यात वरून मिसळणाऱ्या सांडपाण्याकडे.