तिथीची पाऊणपट

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या नागपुरात पाणी एका जागी राहते. फुटाळ्याच्या काठाला आपण कौतुकाने चौपाटी म्हणतो, पावसाळ्यात अंबाझरी भरून वाहू लागला की घरचे सगळे मिळून पाहायला जातो. पण सकाळी पाणी जिथे होते तिथेच ते संध्याकाळीही असणार, हे आपण धरूनच चालतो. महालात लहानाची मोठी झालेली मी बँकेच्या नोकरीत बदली होऊन मालवणला गेले, तेव्हा हीच समजूत माझ्याबरोबर होती. तीन वर्षे मी तिथे राहिले. दांडीच्या किनाऱ्याजवळ चिऱ्याच्या एका जुन्या घरात दोन खोल्या भाड्याने मिळाल्या होत्या, आणि त्या घराच्या आजींनी मला समुद्राकाठी दिवस कसा मोजतात ते शिकवले. आज त्याविषयीच सांगणार आहे.

गेल्यावर आठवड्याभरातच मी आजींना विचारले की कालवे विकायला कोणी दारावर येते का. कालव म्हणजे समुद्रातल्या खडकाला घट्ट चिकटून राहणारा शिंपला. बायका ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकांवर जाऊन, टोकदार लोखंडी हत्याराने ते एकेक फोडून आतले मांस काढतात. आजींनी माझ्या प्रश्नाला उत्तर न देता उलट मलाच विचारले, "आज तिथ खयची?" मला तिथी सांगता आली नाही. त्यांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहिले आणि म्हणाल्या, "आज अष्टमी. पाणी खडपावरसून उतरुचा नाय. पुनवेक बघूया."

पुढे त्यांनी जो हिशेब सांगितला, तो कोकण किनाऱ्यावरच्या कोळ्यांना आणि गाबितांना पिढ्यान्‌पिढ्या पाठ आहे. तिथीची पाऊणपट करावी, जो आकडा येईल त्या वाजण्याच्या सुमारास पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे दुपारी तीनला भरती आणि पहाटेही तीनच्याच आसपास. पौर्णिमेला पंधरा पाऊण सव्वाअकरा. पौर्णिमेनंतर वद्य पक्षाची मोजणी पुन्हा एकपासून. भरतीपासून सव्वासहा तास पुढे किंवा मागे गेले की ओहोटी. चंद्र रोज सुमारे 50 मिनिटे उशिरा उगवतो आणि भरतीही तितकीच पुढे सरकते, म्हणून हा हिशेब जमतो. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास चंद्र, सूर्य आणि पृथ्वी एका रेषेत येतात, दोघांची ओढ एकत्र होते आणि पाणी खूप चढते, खूप उतरते, ते उधाण. अष्टमीच्या सुमारास चंद्र-सूर्याची ओढ काटकोनात असते, पाणी फारसे हलत नाही, तो भांग. आजींची कालवे भांगाच्या दिवशी का मिळत नाहीत, हे मला त्या दिवशी कळले. शाळेत उधाणाची आणि भांगाची भरती या प्रश्नावर मी पूर्ण गुण मिळवले होते, तरी त्या शब्दांचा संबंध कोणाच्या स्वयंपाकाशी असेल असे कधी मनात आले नव्हते.

खाऱ्या आणि मतलई वाऱ्यांचेही तसेच झाले. दिवसा जमीन लवकर तापते म्हणून वारा समुद्राकडून येतो, रात्री जमीन लवकर निवते म्हणून वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो, हे आपण सगळ्यांनी पाठ केलेले असते. मालवणात पहाटे चारच्या सुमारास उठून मागल्या दारी उभे राहिले की पाठीवर डोंगराकडचा गार वारा लागायचा, आणि दुपारी बाराच्या पुढे तोच वारा फिरून तोंडावर, खारट आणि दमट होऊन यायचा. शिडाच्या होड्यांच्या काळात माणसे पहाटेच्या वाऱ्यावर बाहेर पडत आणि दुपारच्या वाऱ्यावर घरी येत. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो तेव्हा मालवणात तो बहुधा 33-34 वर असतो. पण तिथला घाम वाळत नाही, मीठ बरणीत पाझरते, आणि दाराचे कुलूप दर महिन्याला तेल मागते. पहिल्या पावसाळ्यात माझ्या लोखंडी पेटीच्या बिजागऱ्या गंजून धरून बसल्या. आपल्यापेक्षा कितीतरी जास्त पाऊस पडणाऱ्या गावात, हजार-अकराशे मिलिमीटरच्या हिशेबाने घेतलेले सामान टिकत नाही.

आता तिथल्या एका सकाळीविषयी. मालवणच्या समुद्रात सिंधुदुर्ग उभा आहे, हे सर्वांना माहीत आहे. शिवाजी महाराजांनी 1664 साली कुरटे बेटावर त्याचे बांधकाम सुरू केले. चहूकडे खारे पाणी असताना आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरींना गोडे पाणी आहे, आणि आजही तिथे काही कुटुंबे राहतात. तिथे होडीने जावे लागते. पण दांडीच्या किनाऱ्यासमोर पद्मगड नावाचा एक लहान दुर्ग आहे, आणि त्याच्याकडे मोठ्या ओहोटीला चालत जाता येते. कार्तिक वद्य द्वितीयेला, रविवारी सकाळी सातला मी एकटी निघाले. हिशेब केलेला होता: दोन पाऊण दीड, भरती दुपारी दीडला, म्हणजे ओहोटी सव्वासातला. वाळू पायाखाली घट्ट होती, मधल्या खळग्यांतून घोट्याएवढे पाणी होते, त्यात बोटाएवढे पारदर्शक मासे अडकून पडलेले होते. एका खडकाच्या कपारीत खेकडा आपल्या नांगीने तोंडाशी काहीतरी नेत होता आणि मी वाकले की थांबत होता. मी त्याच्यापाशी किती वेळ बसले ते मला कळले नाही.

तिथीचा हिशेब मला आला होता, पण अर्धाच आला होता. ओहोटीनंतर पाणी सारख्या गतीने चढत नाही. पहिल्या तासात ते इतके थोडे चढते की आपल्याला ते थांबलेलेच वाटते. तिसऱ्या आणि चौथ्या तासात मात्र एकूण चढणाऱ्या पाण्यापैकी जवळजवळ निम्मे पाणी येते. मी साडेनऊच्या पुढे परत फिरले, तेव्हा तिसरा तास सुरू झाला होता. आलेल्या वाटेवर गुडघ्याएवढे पाणी होते, चार पावले पुढे ते मांडीला लागले, आणि पायाखालची वाळू सरकू लागली. किनाऱ्यावर जाळे सोडवत बसलेल्या एका काकांनी उभे राहून हाताने डावीकडे या अशी खूण केली आणि ओरडून म्हणाले, "ताई, पाणी भरूक लागला, हयसून बेगीन येवा!" डावीकडे पाण्याखाली खडकांची एक उंच धार होती. तिच्यावरून, चप्पल हातात धरून, कंबरभर पाण्यातून मी बाहेर आले. काका रागावले नाहीत. त्यांनी मला जाळ्याच्या ढिगावर बसवले, आणि खोबऱ्याच्या वाटीवर बोटाने खुणा करत ओहोटीचा प्रत्येक तास किती पाण्याचा असतो ते समजावून सांगितले. मुंबईला उधाणात भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो, मालवणात त्याच्या जवळजवळ निम्मा असतो. पण पोहता न येणाऱ्या माणसाला तो निम्मा पुरेसा आहे.

त्याच काकांमुळे मला रापण ओढायला मिळाली. रापण हे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे आहे. होडी अर्धगोल फिरून ते पाण्यात सोडते आणि त्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरच्या माणसांच्या हाती येतात. प्रत्येक बाजूला पंधरा-वीस माणसे दोर कमरेला अडकवून, पाठमोरी, टाचा वाळूत रोवत मागे मागे जातात. सर्वांत मागचा माणूस दोर सोडून पुन्हा पुढे पाण्याशी येतो आणि नव्याने धरतो. तासाभराने माझ्या तळहाताची साल निघाली होती. जाळे उथळ पाण्यात आले तेव्हा पाणी अचानक उकळल्यासारखे झाले, वर बगळे आणि घारी जमल्या, आणि बांगडे, पेडवे, मधूनच एखादी कोवळी सुरमई वाळूवर चमकू लागली. मग वाटे पडले: होडीचा, जाळ्याचा, आणि ओढणाऱ्या प्रत्येकाचा. मला पाच बांगडे मिळाले. पंचविशीपासून मी पगार घेते आहे, परंतु त्या पाच बांगड्यांएवढी कोणतीही कमाई मला माझी वाटलेली नाही.

ही रापण आता कमी होत चालली आहे, आणि त्याचे मला फार वाईट वाटते. यांत्रिक बोटी खोल पाण्यातच माशांचे थवेच्या थवे उचलतात, तेव्हा किनाऱ्याशी येण्याआधीच मासा संपतो. राज्य सरकारने 2016 मध्ये पर्ससीन, म्हणजे थव्याला वेढा घालून खालून आवळायच्या मोठ्या जाळ्यांवर निर्बंध घातले, 1 जून ते 31 जुलै ही मासेमारी बंदी दरवर्षी असते, तरीही दोर ओढून हात रिकामे राहिल्याचे दिवस काकांच्या तोंडून मी पुष्कळदा ऐकले. रापणीत म्हाताऱ्या माणसालाही वाटा असतो, शाळेतून सुटून आलेल्या मुलालाही असतो. बोटीवर या दोघांनाही जागा नसते.

दिवाळीच्या सुट्टीत नागपूरहून पुष्कळ कुटुंबे आता कोकणात जातात. त्यांच्यासाठी एक हिशेब करून ठेवते. भाऊबीज म्हणजे कार्तिक शुद्ध द्वितीया. दोन पाऊण दीड. दुपारी दीडच्या सुमारास भरती, सकाळी सव्वासातच्या सुमारास ओहोटी. दांडीच्या वाळूवर सातच्या आत पोहोचा, पाण्याच्या काठी जाळे घेऊन जो कोणी बसला असेल त्याला वाट विचारा, मुलांना खळग्यातले मासे आणि कपारीतला खेकडा दाखवा, आणि साडेआठ वाजले की पाणी कितीही दूर दिसत असले तरी मागे फिरा.

नमस्कार.