पेन्सिलनं नियुक्ती, पेननं निधन

(पुणे, नवी पेठ. सकाळचे साडेसहा. एका अभ्यासिकेचं शटर अर्धं वर. दाराशी चपलांचा ढीग.)

आत किती जण बसलेत ते चपला मोजून कळतं. आज एकेचाळीस जोड आहेत. आत बोलायचं नाही, फोन सायलेंटवर ठेवायचा, पाण्याची बाटली टेबलावर ठेवायची नाही, असे नियम भिंतीवर चिकटवलेत. खाली कुणीतरी पेनानं लिहिलंय, 'आणि स्वप्नं बघताना घोरायचं नाही.'

आमची मैत्रीण तिसऱ्या रांगेत बसते. परभणी जिल्ह्यातली आहे. कॉट बेसिसवर राहते, मेस लावलीय, राज्यसेवेचा हा तिचा तिसरा अटेम्प्ट. कॅमेऱ्यासमोर यायला ती तयार झाली, पण एका अटीवर. निकाल लागेपर्यंत नाव सांगायचं नाही. आम्ही कबूल झालो. म्हणून या फिल्ममध्ये तुम्हाला तिचा चेहरा दिसणार नाही. तिची वही दिसेल.

(वही जवळून. दोनशे पानी लाँगबुक, खाकी कव्हर. वर मार्करनं लिहिलंय : करंट.)

'करंट' म्हणजे चालू घडामोडी. पूर्व परीक्षेच्या पहिल्या पेपरात शंभर प्रश्न असतात, त्यातले काही इथून येतात. कुणाची कुठे नेमणूक झाली, कोण गेलं, कुणाला कुठला पुरस्कार मिळाला. उत्तर चुकलं तर पाव प्रश्नाचे गुण कापले जातात. म्हणजे चार चुका झाल्या की एका बरोबर उत्तराची कमाई गेली. त्यामुळे 'बहुतेक तेच असावेत' म्हणून गोल रंगवायची सोय नाही.

वहीचं प्रत्येक पान तिनं उभं दुमडलंय. डावीकडे 'नियुक्ती', उजवीकडे 'निधन', खाली उरलेल्या जागेत पुरस्कार आणि खेळ. बाकीची मुलंही साधारण असंच करतात. हिच्या वहीत एकच गोष्ट वेगळी आहे. डावी बाजू पेन्सिलनं लिहिलेली, उजवी बाजू पेननं.

का, असं आम्ही विचारलं. तिनं एक पान उघडून दाखवलं.

(पान जवळून. खोडरबरानं घासून कागद पातळ झालेला, एका जागी भोक पडलेलं.)

नोव्हेंबर २०२४. विधानसभेची निवडणूक. राज्याच्या पोलिस महासंचालक रश्मी शुक्ला. या पदावर आलेल्या पहिल्या महिला, जानेवारी २०२४ मध्ये नेमलेल्या. प्रश्न यायची शक्यता भरपूर. ४ नोव्हेंबरला निवडणूक आयोगानं त्यांना पदावरून हटवायला सांगितलं. तिनं खोडलं. दुसऱ्या दिवशी संजय वर्मा यांची नियुक्ती झाली. तिनं लिहिलं. २३ तारखेला निकाल लागला, आचारसंहिता संपली आणि दोन-तीन दिवसांत शुक्ला परत आल्या. पुन्हा खोडलं, पुन्हा लिहिलं. कागदानं तेवढं सोसलं नाही.

तिच्या आधीच्या बॅचचे 'दादा' लोक २०१९ ची गोष्ट अजून सांगतात. त्यांनी २३ नोव्हेंबरच्या सकाळी देवेंद्र फडणवीसांचं नाव मुख्यमंत्री म्हणून पेननं लिहून टाकलं होतं. २६ तारखेला राजीनामा आला. २८ ला शिवाजी पार्कवर उद्धव ठाकरेंचा शपथविधी झाला. तेव्हापासून या गल्लीतल्या बऱ्याच जणांच्या कंपासपेटीत पेन्सिल आहे.

मेलेला माणूस मात्र पद सोडत नाही. म्हणून उजवीकडे पेन.

(पान उलटतं. वर तारीख : २० मे २०२५, मंगळवार.)

या एका पानासाठी आम्ही तिच्याकडे आलो. मे महिना तसाही वहीला जड गेला होता. ७ तारखेपासून 'ऑपरेशन सिंदूर'नं सहा पानं खाल्ली होती. १४ ला न्यायमूर्ती भूषण गवई देशाचे ५२ वे सरन्यायाधीश झाले. अमरावतीचे, सरन्यायाधीशपदी पोचलेले पहिले बौद्ध, रा. सू. गवईंचे चिरंजीव. ती नोंद करताना तिनं शेजारीच निवृत्तीची तारीखही लिहिली, २३ नोव्हेंबर २०२५. सर्वोच्च न्यायालयात वयाची पासष्ट वर्षं पुरी झाली की निवृत्ती. 'ही एक नेमणूक बरी,' ती म्हणते, 'कधी खोडायचं ते आधीच कळतं.'

मग २० तारीख उजाडली.

सकाळी मुंबईत राजभवनावर छगन भुजबळांनी मंत्रिपदाची शपथ घेतली. शपथ दिली राज्यपाल सी. पी. राधाकृष्णन यांनी. ते सप्टेंबरात उपराष्ट्रपती झाले, त्यामुळे तिथेही नंतर रबर चालला. पण भुजबळांची ओळ लिहिताना ती जरा थांबली. हे नाव डिसेंबरच्या पानावर हवं होतं आणि नव्हतं. १५ डिसेंबर २०२४ ला नागपुरात ३९ मंत्र्यांचा शपथविधी झाला, त्यात भुजबळ नव्हते. येवल्याचे आमदार, दोनदा उपमुख्यमंत्री राहिलेले, ओबीसी राजकारणातलं मोठं नाव, आणि यादीतून बाहेर. गंमत अशी, की नागपुरात त्याआधीचा मंत्र्यांचा शपथविधी झाला होता डिसेंबर १९९१ मध्ये, आणि त्यात शिवसेना सोडून नुकतेच आलेले भुजबळ होते. तेहेतीस वर्षांनी तोच सोहळा, तेच शहर, आणि हे आपले नाराज होऊन बाहेर.

मग मे महिन्यात जागा कुठून आली? धनंजय मुंडेंनी मार्चमध्ये राजीनामा दिला होता. बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगच्या सरपंचाचा डिसेंबरात खून झाला. त्या प्रकरणात मुंडेंच्या निकटवर्तीयाचं नाव आरोपी म्हणून आलं, राज्यभर संताप उसळला, आणि ४ मार्चला मंत्रिपद गेलं. वहीत हे सगळं दोन ओळींत आहे. 'मुंडे राजीनामा' आणि 'भुजबळ, अन्न व नागरी पुरवठा'.

सरपंचाचं नाव वहीत कुठे आहे, असं आम्ही विचारलं. तिनं पानं मागे चाळली. ते नव्हतं. उजवीकडच्या रकान्यात पद्म पुरस्कार लागतो, निदान एखादी अकादमी तरी. गावचा सरपंच त्यात बसत नाही. ती काही बोलली नाही, आम्हीही पुढे विचारलं नाही.

(शास्त्री रोड. चहाची टपरी, झेरॉक्सची दुकानं, क्लासचे फलक.)

त्याच दिवशीची उजवी बाजू. तिथे दोन नावं आहेत आणि दोन्ही शास्त्रज्ञांची. अशा दिवशी घोळ होतो. डॉ. एम. आर. श्रीनिवासन उदगमंडलममध्ये, म्हणजे उटीला गेले, वय ९५. होमी भाभांच्या हाताखाली काम सुरू केलेले, तुर्भ्याच्या 'अप्सरा' अणुभट्टीपासूनचे इंजिनिअर, पुढे अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष. आणि पुण्यात, या अभ्यासिकेपासून रिक्षानं अर्ध्या तासाच्या आत, डॉ. जयंत नारळीकर गेले. वय ८६.

रात्री आणखी एक भर पडली. लंडनमध्ये बानू मुश्ताक यांना आंतरराष्ट्रीय बुकर मिळाला. कन्नडला पहिल्यांदाच मिळाला आणि अनुवादक दीपा भास्ती यांच्यासोबत विभागून. लंडनला तेव्हा २० तारीख होती, आपल्याकडे २१ लागली होती. नोंद कुठल्या तारखेखाली करायची, यावर टेलिग्रामच्या ग्रुपवर तासभर वाद चालला. असल्या वादात या मुलांचा हात कुणी धरणार नाही.

पण आपण नारळीकरांपाशी थांबू. कारण तीही तिथेच अडली.

तिच्या वहीत पेननं लिहिलंय : 'जयंत नारळीकर. जन्म १९३८, कोल्हापूर. हॉयल-नारळीकर सिद्धांत. पद्मभूषण १९६५. आयुका संस्थापक संचालक १९८८. पद्मविभूषण २००४. साहित्य अकादमी २०१४. ९४ वं साहित्य संमेलन, नाशिक, अध्यक्ष.' इथे संपलं. परीक्षेला यापेक्षा जास्त लागत नाही. सगळ्या पीडीएफमध्ये हीच ओळ थोड्याफार फरकानं फिरते.

(आयुका, खगोलशास्त्राची संशोधन संस्था. विद्यापीठाचं आवार, गणेशखिंड. फुकोचा लंबक हळूहळू झुलतो आहे.)

लंबक झुलतो आणि त्याची झुलण्याची दिशा तासातासानं सरकत जाते. खरं तर लंबक सरकत नाही, खालची पृथ्वी फिरते. पुस्तकात हे एका वाक्यात वाचून झालं होतं. तिला इथं आणल्यावर ती पंचवीस मिनिटं तिथेच उभी राहिली. आमच्या कॅमेरामनच्या हातातली बॅटरी संपत आली, ती हलेना.

ही जागा उभी राहिली ती नारळीकरांमुळे. बनारसमध्ये वाढलेला मुलगा केंब्रिजला गेला, तिथल्या गणिताच्या पदवी परीक्षेत, ट्रायपॉसमध्ये पहिला आला. खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉयलसोबत काम करत राहिला. १९६५ मध्ये पद्मभूषण मिळालं तेव्हा वय होतं २६. आज या अभ्यासिकेत सव्वीस वर्षांची मुलं 'वय निघून चाललंय' म्हणत बसलेली असतात. तुलना अन्यायाची आहे, मान्य. १९७२ मध्ये ते मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, टीआयएफआरमध्ये आले आणि पुढे पुण्यात. विश्व एका महास्फोटातून जन्मलं, हे जगातल्या बहुतेकांनी मान्य केलं तरी ते शेवटपर्यंत दुसऱ्या बाजूला उभे राहिले. ते चुकत असतीलही. पण वहीतल्या ओळीत 'शेवटपर्यंत मान्य केलं नाही' याला जागा नसते.

आणि पोस्टकार्डं. शाळकरी पोरं सही मागायला आली, की सर सही देत नसत. म्हणत, मला एक प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठव, मी उत्तर पाठवीन, त्याच्याखाली सही असेल. आणि उत्तर येत असे. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत, लग्नाच्या अल्बमशेजारी कपाटात, ती कार्डं अजून असतील.

पुण्यात २००८ च्या सुमाराला त्यांनी एक प्रयोगही केला होता. हुशार मुलांच्या शंभर आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या शंभर, अशा दोनशे जन्मपत्रिका जमवल्या. त्यातल्या चाळीस-चाळीस पत्रिका प्रत्येक ज्योतिषाला दिल्या. कुठली पत्रिका कुणाची, एवढंच सांगायचं. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरं दिली. बरोबर आली सरासरी ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तर पन्नास तरी आली असती. हे ऐकून आमची मैत्रीण पहिल्यांदा मोकळेपणी हसली. म्हणाली, 'म्हणजे निगेटिव्ह मार्किंगमध्ये सगळे उडाले असते.' तिच्या आईनं मागच्या महिन्यात पत्रिका दाखवली होती. 'या वर्षी पोस्ट निघणार' असं निघालंय.

(रात्र. पुन्हा नवी पेठ. वैकुंठाच्या रस्त्यावरचे दिवे.)

नकाशा बघितला तर एक गोष्ट लक्षात येते. पुण्याची वैकुंठ स्मशानभूमी याच नवी पेठेत आहे. अभ्यासिका, मेस, क्लास, झेरॉक्स आणि चालत जाण्याच्या अंतरावर वैकुंठ. मोठी माणसं शेवटी याच रस्त्यानं जातात आणि त्यांची नावं इथल्याच वह्यांत उतरतात. २१ मे रोजी नारळीकरांवर तिथे शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले. त्या वेळी ती इथे, तिसऱ्या रांगेत, त्यांच्या पदांची यादी पाठ करत होती. पोलिसांच्या गाड्या दिसल्या, कुणीतरी व्हीआयपी असेल असं वाटलं. कोण ते संध्याकाळी मेसवर कळलं.

'गेले असते ना मी,' ती म्हणते. 'दहा मिनिटं तर लागतात.' मग जरा वेळानं : 'पण त्या दिवशी टेस्ट सिरीज होती.'

(वही. नोव्हेंबरचं पान.)

२४ नोव्हेंबरला न्यायमूर्ती सूर्य कांत ५३ वे सरन्यायाधीश झाले. तिनं गवईंच्या नावावर पेन्सिलची एक आडवी रेघ मारली. तारीख आधीच ठरलेली होती, त्यामुळे या वेळी कागद फाटला नाही.

शूटिंगच्या शेवटच्या दिवशी आम्ही तिला नारळीकरांची आणखी एक गोष्ट सांगितली. मराठी विज्ञान परिषदेनं विज्ञानकथांची स्पर्धा ठेवली होती. कथा पाठवायची, पण आपलं नाव बघून परीक्षकांनी नंबर द्यायला नको. म्हणून सरांनी 'नारायण विनायक जगताप' या नावानं कथा पाठवली. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती मंगलाताईंच्या, म्हणजे पत्नीच्या हस्ताक्षरात लिहून घेतली. मंगलाताई स्वतः गणितज्ञ. पहिला नंबर आला.

ती वहीवर वाकली. ना. वि. ज. अशी अक्षरं लिहिली. मग उलटी वाचली. ज. वि. ना. जयंत विष्णू नारळीकर.

शेजारच्या टेबलावरची मैत्रीण कुजबुजली, 'अगं, हे येणार नाही परीक्षेत.'

'माहितीय,' ती म्हणाली, आणि समासात जागा शोधायला लागली. पेन हातात होतं.

(आतला दिवा. बाहेर चपला. शटर खाली.)