जखऱ्याचे मौन आणि आपली रोजची प्रार्थना

बंधू-भगिनींनो,

आपल्या वसईत आगमनकाळ, म्हणजे नाताळच्या तयारीचे आठवडे, सुरू झाल्याची वार्ता चर्चच्या घंटेआधी स्वयंपाकघराला लागते. नेवऱ्यांचे सारण कधी करायचे, कलकलांना घरातली किती पोरे बसवायची, नाताळच्या देखाव्यातल्या गोठ्यासाठी बांबू कुणाकडून आणायचे, याची बोलणी नोव्हेंबरातच सुरू होतात. मी त्याला नावे ठेवायला उभा नाही. ताटलीत पेरलेली नाचणी नाताळच्या रात्री गोठ्यापुढे हिरवीगार दिसायची असेल, तर आधीचे काही दिवस तिच्यावर सकाळ-संध्याकाळ पाण्याचा हात फिरवावाच लागतो. आज मला बोलायचे आहे ते याच दिवसांत मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, रोज होणाऱ्या बायबलच्या वाचनांविषयी, आणि त्यांतल्या एका म्हाताऱ्या याजकाविषयी.

आधी वाचनांची रचना पाहू. ३० नोव्हेंबर हा संत आंद्रियाचा सण. त्याच्या सर्वांत जवळच्या रविवारी आगमनकाळ उघडतो, आणि म्हणून तो कधी बावीस दिवसांचा तर कधी अठ्ठावीस दिवसांचा होतो. १६ डिसेंबरपर्यंतची वाचने प्रभूच्या अखेरच्या आगमनाकडे पाहतात. यशया संदेष्टा या दिवसांत वारंवार भेटतो. १७ तारखेपासून मात्र सूर बदलतो आणि शुभवर्तमान, म्हणजे येशूची जीवनकथा, बेथलेहेमच्या वाटेला लागते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर १९६९ साली नवी वाचनमाला, म्हणजे कोणत्या दिवशी काय वाचायचे याची यादी, आली, तोवर आगमनकाळातल्या बहुतेक साध्या दिवसांना स्वतःची वाचनेच नव्हती. रविवारचीच पुन्हा होत. त्याआधी साडेतीनशे वर्षे याच कोकण किनाऱ्यावर, गोव्यात, फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठी ओव्यांत ‘क्रिस्तपुराण’ रचले होते. १६१६ साली छापलेल्या त्या ग्रंथाची जवळजवळ अकरा हजार ओव्यांची मांडणी पाहा: पहिले पुराण जुन्या कराराचे, म्हणजे तारणाऱ्याची वाट पाहण्याचे, आणि तारणारा येतो तो दुसऱ्यात. ऐकणाऱ्याला आधी थांबायला लावायचे, हे त्या ग्रंथकर्त्यालाही ठाऊक होते.

आता जखऱ्याकडे वळू. १९ डिसेंबरला लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातून तो आपल्यापुढे येतो. यरुशलेमच्या मंदिरात पाळीने सेवा करणाऱ्या याजकांपैकी अबीयाच्या वर्गातला हा याजक वयाने थकलेला आहे. पत्नी एलिझाबेथ हीदेखील वयोवृद्ध आणि घरात मूल नाही. चिठ्ठी टाकून त्याला धूप जाळण्याची पाळी मिळते. लोक बाहेर प्रार्थना करत उभे आहेत आणि आत, धूपवेदीच्या उजव्या बाजूला, देवदूत उभा आहे. देवदूत म्हणतो, तुझी विनंती ऐकली गेली आहे, तुला मुलगा होईल. यावर जखऱ्या विचारतो, हे मी कशावरून समजू? मी तर म्हातारा आहे. याबद्दल त्याची वाचा जाते.

दुसऱ्याच दिवशी, २० तारखेला, नाझरेथची मरिया, येशूची होणारी आई, त्याच देवदूताला विचारते, हे कसे होईल? तिला मात्र उत्तर मिळते. एकाने अविश्वासाने विचारले आणि दुसरीने विश्वासाने, असे आपण प्रवचनांत ऐकतो. हे खरे असले, तरी माझे समाधान तेवढ्यावर होत नाही. मला त्या ‘विनंती’ या शब्दाशी थांबावेसे वाटते. ही विनंती त्याने कधी केली असेल? बहुधा तारुण्यात. पुढे वर्षे गेली, धूप जळत राहिला, स्तोत्रे म्हटली जात राहिली, पाळ्या लागत राहिल्या. आणि कधीतरी, त्याच्या लक्षातही न येता, प्रार्थना चालू राहिली पण वाट पाहणे थांबले. म्हणून उत्तर समोर येऊन उभे राहिले तेव्हा त्याला पुरावा मागावा लागला.

रोज प्रार्थना करणाऱ्या माणसाचा हा खास धोका आहे, आणि तो मी स्वतःवरून सांगतो. आमच्या घरी रात्री जेवणाआधी जपमाळ होते; तिचे पाच भाग, आणि प्रत्येकाला रहस्य म्हणतात. गेल्या वर्षी एका संध्याकाळी तिसऱ्या रहस्यानंतर मी थेट पाचवे म्हणू लागलो. चौथे गळाले हे मलाही कळले नाही आणि माझ्यामागून म्हणणाऱ्या कुणालाही कळले नाही. शेवटी आईने डोळे न उघडता विचारले, “बाबा रे, एवढी कसली घाई?” ओठ सवयीने हलत होते, मन उद्याच्या कामावर होते. ज्याने कधी प्रार्थनाच केली नाही, त्याच्यावर ही वेळ येत नाही.

देवदूताने जखऱ्याला जे दिले त्याला आपण शिक्षा म्हणतो. मला ते औषध वाटते. बारशाच्या दिवशी नातेवाईक त्याला खुणा करून नाव विचारतात, असे लूक लिहितो. ज्याला नुसते बोलता येत नाही त्याला खुणा कशाला कराव्या लागतील? म्हणजे त्याला ऐकूही येत नसावे. पाठ असलेले सारे शब्द काढून घेतलेला हा याजक घरात बसून एलिझाबेथचे वाढते पोट पाहत राहिला. त्याच्याकडे आता वाट पाहण्याखेरीज काहीच उरले नव्हते.

वाचनमालेने हे मौन आपल्यालाही पाळायला लावले आहे. १९ तारखेला मुका झालेला जखऱ्या २०, २१ आणि २२ला बोलत नाही. त्या दिवसांत मरियेला देवदूत भेटतो, ती डोंगराळ भागातल्या एलिझाबेथकडे जाते, तिचे स्तोत्र होते. मध्ये चौथा रविवार आला तर त्या दिवसाचे वाचन बाजूला राहते, एवढेच. २३ तारखेला तो पाटी मागवून लिहितो, ‘याचे नाव योहान आहे’, आणि जीभ मोकळी होते. म्हणून माझी विनंती आहे की घरी वाचताना रोज त्या दिवसापुरतेच वाचावे. गोष्ट पाठ आहे म्हणून पुढचे पान उलटू नये. १९ला वाचून झाल्यावर पुस्तक मिटावे, दोन मिनिटे कुणी काही बोलू नये, आणि आपण मागायचे सोडून दिलेले असे काय होते, ते ज्याचे त्याने आठवावे.

मोकळ्या झालेल्या जिभेने जखऱ्या काय गातो, ते २४ तारखेच्या सकाळच्या मिस्सेत वाचले जाते. वरून उगवणारा प्रकाश अंधारात बसलेल्यांवर पडेल, असे तो म्हणतो. त्या सकाळी चर्चमध्ये पहिल्या दोन बाकांपुरतीच माणसे असतात, कारण घराघरांत तळण चाललेले असते आणि पोरे गोठ्याला दिवे लावत असतात. यंदा घरटी एक जण तरी त्या मिस्सेला यावा. तळण अर्धा तास थांबेल.