टाळ कुणाचा वाजतोय?

मंडळी, दिवसभर इंदूरच्या सुपर कॉरिडॉरवर ऑफिसात हिंदी-इंग्रजीत बोलून संध्याकाळी इथे रामबागेत स्क्रम मास्टरच्या कामावर मराठीत बोलायला मिळतंय, याचा मला मनापासून आनंद आहे. मगाशी एका काकूंनी विचारलं, "आमचा मुलगा स्क्रम मास्टर झालाय, म्हणजे साहेब झाला का?" काकू, साहेब नाही झाला. चोपदार झालाय.

स्क्रम हा शब्द मूळचा रग्बीतला. १९९५ मध्ये केन श्वाबर आणि जेफ सदरलँड यांनी छोट्या चमूनं टप्प्याटप्प्यानं सॉफ्टवेअर बनवायची ही पद्धत जाहीरपणे मांडली. साधारण दहापर्यंत माणसं, जास्तीत जास्त महिन्याचा स्प्रिंट, म्हणजे कामाचा एक टप्पा, रोज पंधरा मिनिटांची भेट. आधी काय बनवायचं हे प्रॉडक्ट ओनर ठरवतो, कसं बनवायचं हे डेव्हलपर ठरवतात. मग स्क्रम मास्टरकडे काय उरतं?

माउलींच्या वारीतली, मुक्कामी पोचल्यावरची समाजआरती आठवा. चोपदार दंड उंच करतो आणि सगळ्या दिंड्या शांत होतात. पण एखाद्या दिंडीची तक्रार असेल, तर ती टाळ वाजवतच राहते. चोपदार तिच्याकडे जातो, ऐकून घेतो. मला या कामाची याहून नेमकी ओळख सापडलेली नाही.

सुरुवातीला मी उलटंच करत होते. रोजच्या भेटीत डायरी घेऊन उभी राहायचे आणि प्रत्येक जण मला हजेरी द्यायचा: काल हे केलं, आज ते करणार, अडचण नाही. फळ्यावर एक निळी चिठ्ठी तीन दिवस 'चालू' या रकान्यात होती, तिचा कोपरा वळायला लागला होता. जिचं काम होतं ती मुलगी रोज "चालू आहे" एवढंच म्हणायची. चौथ्या दिवशी चहा घेताना कळलं, तिला टेस्ट सर्व्हरचा अ‍ॅक्सेसच मिळाला नव्हता. पुन्हा मागितला तर आपल्याला काही येत नाही असं वाटेल, ही भीती. एका फोनवर काम झालं. तीन दिवस तिचा टाळ वाजत होता आणि मला ऐकू आला नव्हता. ते मला आजही लागतं.

दुसऱ्या दिवसापासून डायरी बंद केली. मागे खिडकीपाशी उभी राहू लागले. आठवडाभर सगळे माझ्याकडेच वळून बोलायचे. मग एकानं शेजारच्याला विचारलं, "तुझा एपीआयचा भाग आज येतोय का? नाहीतर मी दुसरं घेतो." ती भेट डेव्हलपरांचीच असते, ती तेव्हा खरी सुरू झाली.

वरून विचारणा येतेच: कोण मागे पडतोय, स्टोरी पॉइंट काढून द्या. मी देत नाही. ते पॉइंट म्हणजे काम केवढं आहे याचे अंदाजे आकडे, चमूला पुढच्या स्प्रिंटचा अंदाज बांधायला असतात. त्यावरून माणसं मोजायला लागलात, की "अडचण आहे" असं कुणीच म्हणणार नाही.

अडलेल्या कामाला आम्ही आता लाल चिठ्ठी लावतो. आज सकाळी दोन होत्या. एक दुपारीच निघाली. दुसरीसाठी उद्या दहा वाजता मला दुसऱ्या विभागात जाऊन बसायचंय.