बाहीवरचं भरतकाम

(दृश्य : पूर्ण चित्र)

लंडनच्या वॉलेस कलेक्शन या संग्रहालयातलं हे तैलचित्र. 'लाफिंग कॅव्हेलिअर', म्हणजे हसरा सरदार, या नावानं जग त्याला ओळखतं. हे नाव चित्रकारानं दिलेलं नाही, एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये ते चिकटलं. हा माणूस सरदार होता याला पुरावा नाही. तो हसतोय असंही नाही, मिशांची टोकं वर वळलेली असल्यामुळे तसं वाटतं. वरच्या कोपऱ्यात बघा, लिहिलंय ते एवढंच : वय २६, सन १६२४.

(दृश्य : बाही, अगदी जवळून)

चेहऱ्यावर फार वेळ घालवू नका. खरं चित्र इथे आहे, या बाहीवर. कमरेवर हात ठेवून त्यानं कोपर आपल्याकडे काढलंय, आणि त्यावर दाटून भरलेला कशिदा. या मधमाश्या. हे बाण. ज्वाळा ओकणारी ही शिंगं, आणि प्रेमिकांच्या या गाठी. त्या काळच्या युरोपात प्रेमाचं सुख आणि प्रेमाचा डंख अशाच चिन्हांतून सांगत. म्हणून हे लग्न ठरतानाचं चित्र असावं, असा एक अंदाज आहे. ज्या हातांनी हे भरतकाम केलं, त्यांचं नाव कुठल्याच कोपऱ्यात लिहिलेलं नाही.

चित्रकार फ्रान्स हाल्स. जन्म अँटवर्पचा. १५८५ साली स्पॅनिश फौजांनी ते शहर घेतलं आणि हजारो कुटुंबं उत्तरेकडे निघाली, त्यांत हाल्सचंही होतं. ते नेदरलँड्समधल्या हार्लेमला येऊन स्थिरावलं. वडील कापडकाम करणारे. कापडाचा पोत, त्याची घडी, त्याचं वजन हे सगळं या मुलानं घरातच पाहिलेलं होतं. बाही बघताना हे लक्षात असू द्या.

(दृश्य : हार्लेमजवळच्या वाळूच्या टेकड्या, मग रॉइसडालचं चित्र)

आणि हार्लेम म्हणजे तर कापडाचंच गाव. तागाचं कापड शुभ्र करायला दूरदूरहून इथे यायचं. आधी ते राखेच्या खारात उकळायचं, मग गवतावर पसरून पाणी शिंपडत उन्हात ठेवायचं, मग ताकात भिजवायचं, धुवायचं, पुन्हा पसरायचं. असं महिनोन्महिने. त्याच शतकातला डच चित्रकार याकोब फान रॉइसडाल, त्याच्या या चित्रात शहराबाहेरच्या कुरणांवर त्या पांढऱ्या पट्ट्या दिसतात. हाल्सच्या चित्रातल्या कॉलरची आणि मनगटावरच्या लेसची शुभ्रता अशा मेहनतीची आहे.

(दृश्य : लेस, मग काळा झगा)

आता हाल्सचा हात बघा. दुरून जी लेस धाग्याधाग्यानं विणलेली दिसते, ती जवळ गेल्यावर कुंचल्याचे झपाट्यानं मारलेले फटकारे होऊन जाते. त्याच्या हातचं एकही तयारीचं रेखाटन सापडलेलं नाही. आणि हा काळा रंग : कुठे निळसर, कुठे राखाडी, कुठे पार गडद. व्हिन्सेंट व्हॅन गॉगनं १८८५ साली भावाला लिहिलं होतं की, फ्रान्स हाल्सकडे निदान सत्तावीस काळे आहेत. रंगाचं काम करणाऱ्यालाच अशी मोजदाद सुचते.

(दृश्य : पुन्हा पूर्ण चित्र)

हा माणूस हार्लेमचा कापडव्यापारी टीलेमन रोस्टरमन असावा, असं काही अभ्यासक म्हणतात. ते खरं असेल तर कापडानं मोठा झालेला माणूस कापडकाम्याच्या मुलासमोर उभा आहे, आणि त्या मुलानं कापडाचं ऋण पुरेपूर फेडलंय. नेदरलँड्सची श्रीमंती कापडाखेरीज समुद्रापलीकडूनही येत होती. या चित्राच्या तीनच वर्षं आधी, १६२१ साली, जायफळासाठी डच ईस्ट इंडिया कंपनीनं आजच्या इंडोनेशियातल्या बांदा बेटांवरची जवळजवळ सगळी वस्ती संपवली होती.

(दृश्य : हर्टफर्ड हाउस, बाहेरून)

१८६५ साली पॅरिसच्या लिलावात इंग्रज संग्राहक लॉर्ड हर्टफर्डनं बॅरन रॉथ्सचाइल्डवर मात करून ५१ हजार फ्रँकना हे चित्र घेतलं. हाल्स स्वतः म्हातारपणी कर्जात होता, नगरपालिकेच्या वर्षासनावर जगला आणि १६६६ साली गेला.

२०२३ मध्ये लंडनच्या नॅशनल गॅलरीत आणि पुढच्या वर्षी ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये हाल्सची मोठी प्रदर्शनं झाली, त्यांत हे चित्र होतं. एरवी ते लंडनच्या मँचेस्टर स्क्वेअरमधल्या याच वास्तूत, हर्टफर्ड हाउसमध्ये असतं; वॉलेस कलेक्शन इथेच आहे. कायमचा संग्रह बघायला तिकीट नाही. गेलात तर आधी लांबून बघा, मग जितकं जवळ जाऊ देतील तितकं जवळ जा आणि त्या मधमाश्या शोधा.