टोकियोचं इम्पीरियल हॉटेल आणि ते घडवणारे हात

श्रोतेहो, नमस्कार.

टोकियो शहराच्या ऐन मध्यात, सम्राटांच्या राजवाड्याच्या खंदकापासून जवळच, हिबिया बागेच्या समोर इम्पीरियल हॉटेल आहे. त्याची गोष्ट जगभर एकाच पद्धतीने सांगितली जाते. फ्रँक लॉइड राइट हे थोर अमेरिकन वास्तुविशारद जपानला गेले, त्यांनी भूकंपाला दाद न देणारं हॉटेल बांधलं, उद्घाटनाच्याच दिवशी भूकंप झाला, आणि सगळं टोकियो कोसळलं तरी हे हॉटेल तेवढं उभं राहिलं. गोष्ट ऐकायला सुंदर आहे, पण ती अर्धीच आहे. उरलेली अर्धी आज मला सांगायची आहे, कारण त्या अर्ध्या गोष्टीतल्या माणसांना त्यांचं श्रेय अजून पुरतं मिळालेलं नाही.

सुरुवात थोडी मागे जाऊन करू या. मेइजी काळात, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, जपानने पाश्चात्त्य राष्ट्रांशी केलेले करार फार एकतर्फी होते. ते बदलून घ्यायचे तर आपण त्यांच्या बरोबरीचे आहोत हे दाखवायला हवं, असं परराष्ट्रमंत्री इनोउए काओरू यांच्या मनाने घेतलं होतं. परदेशी राजदूत, व्यापारी, प्रवासी राजधानीत आले तर त्यांना उतरायला तोलामोलाची जागा नको का? इनोउए यांच्या आग्रहातून, शिबुसावा एइइची आणि ओकुरा किहाचिरो यांच्यासारख्या उद्योगपतींच्या आणि राजघराण्याच्या पैशातून १८९० साली पहिलं इम्पीरियल हॉटेल उघडलं. म्हणजे ही वास्तू जन्मली ती राष्ट्राच्या प्रतिष्ठेसाठी. पुढे तिच्यावर पाण्यासारखा पैसा ओतला गेला, त्याचं मूळ इथे आहे.

वीसेक वर्षांत ते हॉटेल अपुरं पडू लागलं. तेव्हा व्यवस्थापक होते हायाशी आइसाकू. हे न्यूयॉर्कमध्ये जपानी कलावस्तूंच्या पेढीवर काम केलेले गृहस्थ. राइट तर जपानी लाकडी ठशांच्या चित्रांचे वेडे. १९०५ साली पहिल्यांदा जपानला गेले तेव्हापासून शेकड्यांनी चित्रं विकत घेत होते. त्या आवडीतूनच दोघांची गाठ पडली. राइट यांच्या आयुष्यातला तो अतिशय वाईट काळ होता. १९१४ साली विस्कॉन्सिनमधल्या त्यांच्या घरात एका नोकराने आग लावून सात जणांचे जीव घेतले होते, त्यात त्यांची सहचारिणी आणि तिची दोन मुलं होती. अमेरिकेत कामंही आटली होती. अशा माणसाला हायाशींनी टोकियोतलं एवढं मोठं काम दिलं. पुढे खर्च अंदाजाच्या कैक पट वाढला, संचालक खवळले, तरी हायाशी राइट यांच्या पाठीशी उभे राहिले. १९२२ च्या एप्रिलमध्ये जुनं हॉटेल आगीत भस्मसात झालं, नवं अजून अपुरंच होतं, आणि हायाशींना पद सोडावं लागलं. त्याच उन्हाळ्यात राइटही जपान सोडून गेले, ते पुन्हा कधी परतले नाहीत. आपली पुरी झालेली इमारत त्यांनी कधी डोळ्यांनी पाहिलीच नाही.

मग ती पुरी केली कोणी? एन्दो आराता यांनी. राइट यांचे हे जपानी सहकारी. आराखडे त्यांना तोंडपाठ होते, राइट यांची हरेक लकब ओळखीची होती, आणि शेवटचं सगळं काम त्यांनी अंगावर घेतलं. राइट यांच्याबरोबर १९१९ साली आणखी एक मदतनीस जपानला आले होते, अँटोनिन रेमंड. पुढे त्यांनी टोकियोत स्वतःचा व्यवसाय थाटला, आणि त्यांच्याच आराखड्यावर पुदुच्चेरीला श्री अरविंद आश्रमाचं ‘गोलकोंड’ हे वसतिगृह उभं राहिलं. आपल्या देशातल्या आधुनिक काँक्रीटच्या पहिल्यावहिल्या इमारतींत त्याची गणना होते. हिबियाच्या त्या बांधकामाचा एक धागा असा थेट आपल्यापर्यंत येतो.

आता इमारत जरा जवळून पाहू. राइट यांनी दगड निवडला तो ओया गावचा. टोकियोच्या उत्तरेला तोचिगी प्रांतात हे गाव आहे. ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेला हा दगड हिरवट करडा, हलका, आणि इतका मऊ की छिन्नीला लोण्यासारखा वश होतो. अंगावर तपकिरी मातीची भोकं असतात, त्यांना तिथले पाथरवट ‘मिसो’ म्हणतात, म्हणजे सोयाबीनचं आंबवलेलं तपकिरी वाटण. हा दगड तोवर कोठारांना, कुंपणांना वापरायचा, आणि राजधानीतल्या सर्वांत श्रीमंत हॉटेलला तो लावायचा म्हटल्यावर संचालकांनी नाकं मुरडली. राइट हटले नाहीत. पाथरवटांनी त्या दगडातून खांब, कमानी, मोर, भौमितिक नक्षी असं काय काय कोरून काढलं. विटा आल्या आइची प्रांतातल्या तोकोनामे गावाहून. भाताच्या पिवळ्या गवतासारख्या रंगाच्या, अंगावर फणीने ओढल्यासारख्या बारीक रेघा. त्यांच्यासाठी हॉटेलने तिथे स्वतःची भट्टीच घातली, आणि पिढीजात कुंभारकाम करणाऱ्या इना घराण्यातल्या बापलेकांनी तिथे तांत्रिक सल्लागार म्हणून काम केलं. पोकळ टेराकोटाच्या, म्हणजे भाजलेल्या मातीच्या, जाळ्या खांबांत बसवल्या, त्यांच्या आत दिवे ठेवले, की अख्खा खांब आतून उजळायचा.

भूकंपासाठी राइट यांनी काय केलं होतं? जमीन म्हणजे वर थोडा मातीचा थर आणि खाली खोलवर चिखल. त्यांनी खालच्या खडकापर्यंत जायचं सोडून आखूड काँक्रीटचे खुंट दाटीने रोवले आणि इमारत चिखलावर तरती ठेवली. लांबलचक इमारतीचे तुकडे पाडून मध्ये सांधे सोडले, म्हणजे हादरा बसला तर प्रत्येक भाग आपापला हलेल. मजल्यांची जमीन कडेच्या भिंतींवर टेकवण्याऐवजी मधल्या आधारावर तोलली, वेटर तबक हाताच्या बोटांवर तोलतो तशी. ही उपमा खुद्द राइट यांचीच. भिंती खाली जाड, वर निमुळत्या. नळ आणि तारा काँक्रीटमध्ये गाडण्याऐवजी मोकळ्या चरांतून नेल्या. आणि छपराला जड कौलांऐवजी हलका तांब्याचा पत्रा.

हा छपराच्या वजनाचा मुद्दा महाराष्ट्राला वेगळा समजवायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात हजारो माणसं गेली, ती मुख्यतः मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि माळवदाच्या ओझ्याखाली.

तर, १ सप्टेंबर १९२३. शनिवार. नव्या हॉटेलच्या उद्घाटनाची मेजवानी त्या दुपारी होती. ११ वाजून ५८ मिनिटांनी टोकियोभोवतीचा कांतो प्रदेश हादरला. घरोघरी जेवणासाठी चुली पेटलेल्या होत्या, वारा सुटलेला होता, आणि लाकडी शहरात आगी लागल्या. टोकियो आणि योकोहामा मिळून एक लाखाहून अधिक माणसं त्या दिवशी आणि पुढच्या काही दिवसांत मेली. त्यांतली बहुतेक आगीने.

आता हॉटेलात काय चाललं होतं ते ऐका. नवे व्यवस्थापक होते इनुमारू तेत्सुझो. परदेशातल्या हॉटेलांत अगदी खालच्या कामापासून शिकून वर आलेले. धरणीकंप होताच ते धावले स्वयंपाकघराकडे. शेगड्या विजेच्या होत्या, त्यांनी मुख्य वीज तोडायला लावली. आजूबाजूच्या इमारती पेटत होत्या, त्यांच्या झळा अंगावर येत होत्या. कर्मचाऱ्यांनी पाणी आणून हॉटेल भिजत ठेवलं. दर्शनी भागात एक तळं होतं. खर्च वाचवण्यासाठी ते गाळावं असा संचालकांचा आग्रह होता आणि आपण तो मानला नाही, असं राइट यांनी स्वतः लिहून ठेवलंय. त्याबद्दल त्यांना पुरे गुण द्यायला हवेत. पण बादल्या उचलणारे हात हॉटेलच्या नोकरांचे होते. हॉटेल वाचलं ते मला वाटतं त्या दुपारी, त्या माणसांमुळे. भूकंपात टिकलेल्या इमारती आणखीही होत्या, आणि त्यांतल्या काही आगीत गेल्या.

हॉटेलला काहीच झालं नाही, हेही खरं नाही. मधला भाग खचला, काही ठिकाणी जमीन फुगली, दगड निखळले. आणि जवळच्याच भागात नाइतो ताचू या जपानी अभियंत्याने उभारलेली इंडस्ट्रियल बँकेची इमारत जवळजवळ जशीच्या तशी राहिली. याच नाइतोंनी पुढे टोकियो टॉवर उभारला. पण ओकुरा यांच्याकडून राइट यांना तार गेली, हॉटेल तुमच्या प्रतिभेचं स्मारक म्हणून अबाधित उभं आहे अशी, ती वर्तमानपत्रांत आली आणि जगाच्या डोक्यात कायमची बसली. नाइतोंचं नाव अभियंत्यांपलीकडे किती जणांना ठाऊक आहे?

भूकंपानंतर परदेशी वकिलातींनी आणि वृत्तपत्रांनी हॉटेलातच कचेऱ्या थाटल्या. देवळं जळाल्यामुळे लग्नं कुठे लावायची हा प्रश्न होता, तेव्हा हॉटेलात जपानच्या पारंपरिक शिंतो धर्माचं छोटं मंदिर ठेवून तिथेच विधी आणि तिथेच जेवण अशी सोय झाली. जपानात हॉटेलात लग्न लावायची रीत तिथून रुजली. १९३६ साली रशियन गायक शल्यापिन उतरले होते, त्यांचे दात दुखत होते, आणि मांस तर हवं होतं. स्वयंपाक्यांनी गोमांसाचा तुकडा ठोकून पातळ केला, चिरलेल्या कांद्यात मुरवला, आणि त्याच कांद्यासह लोण्यात परतून दिला. कांद्याने मांस मऊसूत होतं. ही शल्यापिन स्टेक आजही तिथे मिळते.

आपली माणसंही या हॉटेलात राहून गेली. १९४३ च्या मे महिन्यात जर्मन आणि जपानी पाणबुड्यांतून जीवघेणा प्रवास करून नेताजी सुभाषचंद्र बोस टोकियोला पोचले, तेव्हा त्यांना ‘मात्सुदा’ या नावाने इथेच उतरवलं होतं. युद्धानंतर जपानी नेत्यांवर युद्धगुन्ह्यांचा खटला चालला, त्याचे न्यायाधीश इथे राहत होते. त्यांत कलकत्त्याचे राधाबिनोद पाल होते. सगळे आरोपी निर्दोष ठरवणारं, हजारावर पानांचं त्यांचं भिन्न मत अजूनही वादाचा विषय आहे. दोनअडीच वर्षं चाललेल्या त्या खटल्याच्या काळात ते याच वास्तूत राहिले, हे मला फार मोलाचं वाटतं.

१९४५ च्या बाँबहल्ल्यात हॉटेलची एक बाजू जळाली. मग १९५२ पर्यंत ते अमेरिकनांच्या ताब्यात होतं. आणि हळूहळू त्या तरत्या पायाने आपला हिशेब मागितला. इमारत एकसारखी खचत नव्हती. कुठे थोडी, कुठे मीटरच्या आसपास. छत गळू लागलं, मऊ दगड झिजू लागला. भोवती टोकियोच्या जमिनीचे भाव आकाशाला भिडले होते आणि इथे इतक्या मोक्याच्या जागेवर तीनशेहून कमी खोल्या. राइट यांच्या पत्नी ओल्गिव्हाना विनवायला टोकियोला आल्या, वास्तुविशारदांनी निषेध केले, पण नोव्हेंबर १९६७ मध्ये हॉटेल बंद झालं आणि पाडलं गेलं. १९७० साली तिथे सतरा मजली इमारत आली. मालकांची अडचण मला कळते. तरीही पाडायची घाई झाली असं मी म्हणेन, कारण एवढं हातकाम पुन्हा कुणी करून देणार नव्हतं.

प्रवेशद्वार आणि लॉबी मात्र वाचली. तिचे भाग सोडवून आइची प्रांतात नागोया शहराजवळ इनुयामा इथे, मेइजी-मुरा या खुल्या संग्रहालयात नेले. जोडायला बरीच वर्षं लागली. आतलं काम १९८५ मध्ये संपलं. मूळ दगड खूप झिजलेला, त्यामुळे काही भाग नव्या साहित्यात घडवावे लागले. नागोयाला कुणी जाणार असेल तर अर्धा दिवस काढून जरूर जा. वरच्या मजल्यावर बसून चहा घेता येतो, आणि उजेड आतून येणारे ते विटांचे खांब अगदी हाताच्या अंतरावर पाहता येतात.

टोकियोत आता पुन्हा बांधकामाची तयारी चालली आहे. तरुण वास्तुविशारद ताने त्सुयोशी यांच्या आराखड्यानुसार नवी मुख्य इमारत २०३६ च्या सुमाराला पुरी व्हायची आहे. ती उघडेल तेव्हा तिच्या दारात राइट यांचं नाव असेलच, ते असायलाच हवं. त्याच्या शेजारी हायाशी, एन्दो आणि इनुमारू यांची नावं असावीत, आणि ओया नि तोकोनामे या दोन गावांचीही असावीत, असं मला मनापासून वाटतं.

नमस्कार.